सहाव्या पसंतीचं मत

"लंडनला स्वतःच्या घशाखाली उतरत नाही ते औषध आमच्या नरड्यात ओतायचं, यालाच तुम्ही सुधारणा म्हणता का, मिस्टर लॅव्हरी?"

मॉफेटबाई कुंपण कापायची मोठी कात्री हातात घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. समोर रस्त्याच्या कडेला डर्मट लॅव्हरीची जुनी हिरवी गाडी धडधडत होती. मी एका हाताने कोटाची बटणं लावत, दुसऱ्या हातात टोस्टचा तुकडा धरून दोघांच्या मधोमध उभी होते. दर सकाळी माझी हीच जागा असायची.

"औषध आजारी माणसाला देतात, मिसेस मॉफेट," डर्मट खिडकीतून डोकं काढून म्हणाला. तो आमच्या हॉस्पिटलचा फार्मासिस्ट, तेव्हा औषधाचं उदाहरण आलं की त्याला चेव चढायचा.

"आणि लंडन ठणठणीत आहे वाटतं?"

"लंडनलाही हाच आजार आहे. त्यांनी अजून डॉक्टरला दाखवलेलं नाही, एवढंच."

"त्यांनी दाखवलं की मग आम्ही बघू." कात्री खटकन मिटली. "आपला माणूस, त्याच्यापुढे फुली. फुलीत खोटं बोलता येत नाही. एक, दोन, तीन असे नंबर घालायला लावले की माणूस घासाघीस करायला लागतो."

"फुलीने एवढंच सांगता येतं की हा माझा. नंबर घातले की बाकीच्यांबद्दल काय वाटतं तेही सांगता येतं."

"बाकीच्यांबद्दल मला काहीही सांगायचं नाही," मॉफेटबाई म्हणाल्या आणि कुंपणाकडे वळल्या. त्या वळल्या की वाद संपला, असं आम्ही दोघांनी समजायचं असे.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तरच्या वसंतातली, उत्तर आयर्लंडच्या ड्रमकारा नावाच्या लहानशा गावातली. मी मिरजेहून तिथे भूलतज्ज्ञ म्हणून गेले होते, वय अठ्ठावीस, लग्नाची घाई आईला, मला नाही. मॉफेटबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. त्या विधवा, निवृत्त शाळामास्तरीण, कट्टर प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्याही कडक सोवळ्यातल्या. डर्मट कॅथलिक. त्या गावात या दोन शब्दांवरून माणसाची शाळा ठरायची, दुकान ठरायचं, पुरायची जागासुद्धा ठरायची. मी कुणातच नव्हते, म्हणून दोन्हीकडचे लोक माझ्यापाशी मन मोकळं करायचे. त्यात माझं कौतुक काही नाही. भिंतीशी बोलावं तसं ते बोलत.

गावाच्या आमच्या भागातून कौन्सिलवर चार जण निवडून जायचे. प्रत्येकाने चार जागांसाठी चार फुल्या मारायच्या, प्रॉटेस्टंट जास्त, कॅथलिक कमी, आणि ज्यांना जास्त मतं ते निवडून येणार. त्यामुळे पन्नास वर्षं चारही जागा प्रॉटेस्टंटांच्या. माणसं मेली, बदलली, जागा हलल्या नाहीत. मग दंगे झाले, बाँब फुटले, सैन्य आलं आणि लंडनच्या सरकारने फक्त उत्तर आयर्लंडपुरता नियम बदलला. आता मतपत्रिकेवर फुली नाही, पसंतीचे क्रमांक घालायचे. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात असतात, तसेच. तुमचा पहिल्या पसंतीचा माणूस पडला तर तुमचं मत वाया जात नाही, ते दुसऱ्याकडे जातं, तोही बाद असेल तर तिसऱ्याकडे. बाकीच्या ब्रिटनमध्ये मात्र तीच जुनी फुली. मॉफेटबाईंचा सगळा राग त्यावर होता, आणि खरं सांगायचं तर मला तो पटत होता.

डर्मट या निवडणुकीला उभा होता, आणि पलीकडचे लोकही आपल्याला पसंती देतील ही त्याची स्वप्नं मला पटत नव्हती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी मिरजेच्या नगरपालिकेत लहानपणापासून बघितलं होतं. कागदावर सात चौकोन द्या नाहीतर सत्तर, माणूस आपल्याच माणसांची नावं भरणार आणि पुढे पेन ठेवून घरी जाणार. मी डर्मटला तसं तोंडावर सांगितलंही.

"तू म्हणतेस तसंच झालं तर मी हरेन," तो म्हणाला. आम्ही हॉस्पिटलच्या चढावर होतो. "आमच्या लोकांची मतं एका जागेला थोडी कमी पडतात. पलीकडून कुणीतरी थोडी टाकल्याशिवाय भागत नाही."

"मग उभा कशाला राहिलास?"

त्याने गिअर बदलला. मग त्याने सांगितलं. कॅनडात हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलने त्याला नोकरी देऊ केली होती. जूनअखेर उत्तर द्यायचं होतं. मागच्या हिवाळ्यात बाजारात स्फोट झाला तेव्हा त्याची बायको नूला दोन्ही मुलांना घेऊन दोन दुकानं पलीकडे होती. तेव्हापासून तिला झोप नव्हती. डर्मटला मात्र जायचं नव्हतं. त्याचा बाप याच गावात चार वेळा निवडणुकीला उभा राहिला होता, चारही वेळा पडणार हे माहीत असून.

"मी नूलाला शब्द दिलाय," तो म्हणाला. "एकदाच उभा राहीन. नव्या पद्धतीनेही हे गाव मला घेत नसेल, तर हे गाव माझं नाही. हरलो की सामान बांधायचं."

नूलाच्या स्वयंपाकघरात मी कितीतरी रविवार काढले होते. त्या देशात माझं म्हणावं असं घर तेवढंच होतं.

"मोजणीला माझा प्रतिनिधी म्हणून बसशील?" त्याने विचारलं. "नूला येणार नाही म्हणते. आणि मला एकट्याला ते बघवायचं नाही."

"माझं गणित चांगलं आहे म्हणून विचारतोयस, असं म्हणायला काय जातं?"

"तेही आहेच," तो म्हणाला आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी मी मॉफेटबाईंबरोबर चर्चला गेले. माझं नाव मतदार यादीत नव्हतं, ना तिथल्या देवाच्या, पण बाईंना एकटं जायला आवडायचं नाही आणि मला त्यांचं गाणं आवडायचं. बिनवाद्याचं, सगळ्यांनी मिळून, जाड आवाजातलं. रविवार म्हणजे त्या लोकांचा सोवळ्याचा दिवस. मॉफेटबाई त्या दिवशी सुई हातात घेत नसत, जेवण शनिवारीच शिजवून ठेवलेलं असे. बागेतल्या झोपाळ्यांनासुद्धा शनिवारी संध्याकाळी साखळ्या घालून कुलूप लावत, पोरांनी देवाच्या दिवशी खेळू नये म्हणून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर आमच्या आजोबांची एकादशी आठवली आणि हसू आवरलं.

गाणं रंगात आलं असताना बाहेर भोंगा वाजला.

"आपल्या माणसाला मत द्या! बिली स्ट्रँग! आपला बिली स्ट्रँग!"

स्ट्रँग हा कंत्राटदार, प्रॉटेस्टंटांच्याच चार उमेदवारांच्या जोडीला उभा राहिलेला पाचवा. आवाज मोठा, मान जाड. कॅथलिकांना समुद्रात ढकलू, असं तो भर बाजारात म्हणायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्याने विचार केला असावा की सगळे मतदार एका छपराखाली आयते सापडलेत, मग गाडी तिथेच का नेऊ नये. आणि नेली. चर्चच्या दारासमोर उभी केली. भजन चालू असताना, रविवारी.

पाद्रीबुवांनी हात वर केला. गाणं थांबलं. तीनशे माणसं पुस्तक उघडं धरून उभी राहिली आणि भोंगा बोंबलत राहिला. कुणी उठून बाहेर गेलं नाही, कुणी कुजबुजलंही नाही. स्ट्रँगचं पोटभर ओरडून झालं, गाडी गेली, मग पाद्रीबुवांनी हात खाली केला आणि सगळ्यांनी तीच ओळ पहिल्यापासून म्हटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या मनात आलं, पण तेवढंच. निवडणुकीशी त्याचा काही संबंध असेल असं मला वाटलं नाही. शेवटी तो त्यांचाच बाब्या होता.

प्रार्थनेनंतर अंगणात दोन थोराड शेतकरी टोप्या हातात घेऊन मॉफेटबाईंपुढे आले. पन्नाशीचे असतील. बाईंनी या गावातल्या निम्म्या प्रॉटेस्टंटांना अंकलिपी शिकवली होती, त्यामुळे असले बाप्ये त्यांच्यापुढे कायम पाच वर्षांचे होत.

"मिस," एक जण म्हणाला, "त्या नव्या कागदावर सात नावं आहेत. सगळ्यांना नंबर घालायचे का? की आपल्या माणसांना घातले की पुरे?"

"रॉबर्ट, मी तुला काय शिकवलं होतं?"

"रिकामी जागा सोडायची नाही, मिस."

"मग?"

"पण तुम्हीच म्हणता ना, की ही पद्धत मूर्खपणाची आहे?"

"परीक्षा मूर्खपणाची असली म्हणून कुणी पेपर अर्धवट सोडतं का?" बाई म्हणाल्या. "जा, आईला नमस्कार सांग."

घरी आल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. थंडगार मटणाचे काप वाढताना फक्त म्हणाल्या, "रविवारी."

"पण स्ट्रँग तुमच्याच बाजूचा ना?" मी विचारलं.

"बाजूचा आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर."

मोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, तांत्रिक शाळेच्या हॉलमध्ये. दारावरच्या सैनिकाने माझी पिशवी तपासली, डबा उघडला आणि आईने पाठवलेला चिवडा बराच वेळ हुंगत राहिला. शेवटी मी त्याला मूठभर दिला तेव्हा कुठे आत सोडलं.

आत लांबलचक टेबलं मांडली होती. एका बाजूला मोजणारे, बहुतेक बँकेतले कारकून आणि शिक्षक, दुसऱ्या बाजूला आम्ही प्रतिनिधी. हात लावायचा नाही, डोळे हवे तेवढे लावा. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा एक लाकडी ट्रे. हॉलच्या डाव्या भिंतीशी प्रॉटेस्टंट, उजव्या भिंतीशी कॅथलिक, कुणी न सांगता. मधल्या टेबलांपाशी मी.

पहिल्या तीन जागा पटकन भरल्या. एक निवृत्त कॅप्टन, एक कॅप्टनचा मेहुणा आणि एक बेकरीवाल्या बाई. तिघेही प्रॉटेस्टंट. डावीकडे टाळ्या झाल्या, त्याही सवयीच्या. ग्रंथालयातल्या एक मवाळ बाई कुठल्याच बाजूच्या नव्हत्या, त्या सगळ्यांत आधी बाद झाल्या. उरली एक जागा आणि माणसं तीन. डर्मट सगळ्यांत पुढे. त्याच्या शंभर मतं मागे बिली स्ट्रँग. आणि तळाला म्हातारा गिल्मोर, प्रॉटेस्टंट शेतकरी, साधासुधा माणूस, ज्याला सगळे चांगला म्हणत आणि मत दुसऱ्याला देत.

निवडणूक अधिकाऱ्याने जाहीर केलं की गिल्मोर बाद. आता त्याच्या ट्रेमधले चारशेहून थोडे जास्त कागद पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायचे.

हे वाटप काय असणार, ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. गिल्मोरची मतं प्रॉटेस्टंटांची, चर्चच्या पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांची. ती स्ट्रँगकडेच जाणार. शंभराची तूट भरायला चारशेतले थोडेसे पुरे होते. स्ट्रँगच्या माणसांनी गाणं सुरू केलं. त्याने स्वतः डर्मटकडे बघून टोपी काढली आणि जहाजाच्या भोंग्यासारखा आवाज केला. कॅनडाची बातमी गावभर झाली होती.

डर्मट माझ्या कानाशी आला. "चल. नूलाला फोन करून टाकू."

"पेशंट टेबलावर आहे तोवर मी खोली सोडत नाही," मी म्हटलं. शूर म्हणून नव्हे. मला घरी जाऊन नूलाचं तोंड बघायचं नव्हतं.

माझ्यासमोर बँकेतली एक तरुण मुलगी मोजत होती. तिने गिल्मोरच्या कागदांची पहिली गड्डी घेतली. तिचं बोट प्रत्येक कागदावर उतरत जाई. एक नंबर गिल्मोर, तो गेला. दोन नंबर कॅप्टन, तो निवडून आला, सोडून द्या. तीन, चार, असं करत पहिलं शिल्लक नाव सापडेपर्यंत. स्ट्रँग. स्ट्रँग. मग एक कागद, ज्याच्यावर पुढे काहीच नाही, तो बाजूला. पुन्हा स्ट्रँग.

मग तिचं बोट एका कागदावर उतरत गेलं आणि थांबलं.

तिने पुन्हा वरपासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबलं. तिने मान वर करून पर्यवेक्षकाला खूण केली. तो आला, चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं, आणि बोटाने ट्रे दाखवला. मुलीने कागद डर्मटच्या ट्रेमध्ये ठेवला.

मी तो कागद नीट बघितला होता. कुणाचा होता ते कधीच कळणार नव्हतं, पण अक्षर शाळेतल्या दुरेघी वहीतलं होतं. गिल्मोर एक. मग कॅप्टन, मेहुणा, बेकरीवाल्या बाई. ग्रंथालयवाल्या बाई पाच. लॅव्हरी सहा. स्ट्रँग सात.

पुढचा स्ट्रँगचा. त्याच्या पुढचा डर्मटचा. पुन्हा सहा आणि सात. मग डर्मटचे दोन लागोपाठ. आकडे वेगवेगळ्या हातांचे, काही थरथरते, काही शेतकऱ्याच्या जाड बोटांचे, पण एकही चौकोन रिकामा नाही. सातच्या सात भरलेले. रिकामी जागा सोडायची नाही, मिस.

आणि तेव्हा मला तो रविवार आठवला. हात वर करून उभे राहिलेले पाद्रीबुवा, पुस्तक उघडं धरून वाट बघणारी तीनशे माणसं. एकानेही तोंड उघडलं नव्हतं. ती आता बोलत होती.

दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच तर त्या कागदांवर लिहिलेलं होतं. पण ते लिहायला पन्नास वर्षांत कुणी त्यांना जागाच दिली नव्हती. फुली मारायची असती तर यातला प्रत्येक जण आपल्याच चौघांवर फुल्या मारून घरी गेला असता, आणि स्ट्रँगबद्दल मनात काय आहे ते मनातच घेऊन मेला असता. मी भूल देणारी बाई. झोपलेलं माणूस पहिला श्वास आपणहून घेतं ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि दर वेळी हात जोडावेसे वाटले होते. त्या हॉलमध्ये तसंच वाटलं. कागद या ट्रेमधून उचलून त्या ट्रेमध्ये ठेवला जात होता, दीड हाताचं अंतर, आणि ते अंतर त्या गावात कुणी ओलांडल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

गाणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. डाव्या भिंतीकडचे लोक पुढे आले होते, उजवीकडचेही आले होते, आणि सगळे टेबलाला पोटं लावून एका मुलीच्या बोटाकडे बघत होते. कोण कोणाच्या शेजारी उभं आहे याचं कुणाला भान नव्हतं. म्हातारा गिल्मोरही आला. आपलीच मतं चाललेली तो बघत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "बघा तरी." कुणाला म्हणाला, देव जाणे.

"चुकीचं वाचतेय ती!" स्ट्रँग ओरडला. त्याने फेरमोजणी मागितली. फेरमोजणी झाली. आकडे तेच. निम्मे कागद त्याच्याकडेच गेले होते, काही कुणाकडेच नाही, आणि उरलेले डर्मटकडे. शेवटी डर्मट सोळा मतांनी निवडून आला.

टाळ्या झाल्या नाहीत. कुणी वाजवायच्या ते कुणालाच कळेना. मी मात्र रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गाडीत बसल्यावर मला वाटलं डर्मट ओरडेल, हसेल, निदान भोंगा तरी वाजवेल. तो किल्ली हातात धरून बसून राहिला.

"सहावा," तो म्हणाला. "सातांत सहावा. त्यांना मी नको होतो, शैलजा. त्यांना तो जास्त नको होता."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? माझ्या बापाला निदान हे तरी माहीत होतं की त्याची मतं त्याची आहेत."

नूलाने तर सरळच विचारलं. "सहाव्या नंबरावर मुलं वाढवायची का इथे?" मी हॉलमधलं सगळं सांगायचा प्रयत्न केला, ते बोट, ते ट्रे, लोकांचे चेहरे. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष खिडकीबाहेर खेळणाऱ्या मुलांकडे होतं. डर्मट जिंकला होता आणि तरी कॅनडाचं पत्र कपाटावर तसंच होतं. उत्तर जूनअखेर द्यायचं होतं, आणि ते काय असेल हे आता मला दिसत होतं.

मॉफेटबाईंनी निकाल ऐकला आणि कुंपण कापत राहिल्या.

"पेपर सगळ्यांनी पूर्ण सोडवला होता?" त्यांनी विचारलं.

"बऱ्याच जणांनी."

"ठीक," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यालाही सांगितलं नाही, असं त्या अभिमानाने सांगत.

जूनचा शेवटचा आठवडा आला. ऑपरेशन थिएटरची औषधं घ्यायला मी दुपारी डर्मटच्या खिडकीशी उभी होते. बाहेर रांग होती, दहाबारा माणसं, दोन्हीकडची. औषधाची रांग तेवढी त्या गावात एकच होती. रांगेच्या शेवटी मॉफेटबाई उभ्या होत्या, चर्चला घालायची निळी टोपी घालून. मी त्यांना पुढे बोलावलं, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. आपला नंबर येईपर्यंत त्या थांबल्या. माझी औषधं मिळाली होती, पण मी गेले नाही.

"बोला, मिसेस मॉफेट," डर्मट म्हणाला. "चिठ्ठी आणलीत?"

"मी औषधाला आलेली नाही. चर्च रोडवरचा कचरा तीन आठवडे कुणी उचललेला नाही."

डर्मटने हातातली बाटली खाली ठेवली. "तुमच्या बाजूचे कॅप्टन आहेत ना? ते..."

"त्यांच्याकडे जाऊन आले," मॉफेटबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "क्रमानेच आले. माझा पहिला गिल्मोर, तो पडला. दुसरे कॅप्टन, ते मासे पकडायला गेलेत. तिसरा त्यांचा मेहुणा, तो म्हणतो कॅप्टनना विचारा. चौथी बेकरीवाली, तिला स्वतःचाच कचरा आवरत नाही. पाचवी ग्रंथालयातली, ती पडली. तुम्ही सहावे."

मागे कुणाच्या तरी हातातली काठी खाली पडली आणि ती कुणी उचलली नाही. त्या गावात आपलं मत असं भर दुपारी, दोन्हीकडच्या माणसांसमोर कुणी बोलून दाखवत नव्हतं. त्यातून एका कॅथलिकाला एका प्रॉटेस्टंटाच्या वर ठेवलं, हे तर नाहीच. बाईंनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

डर्मट खिडकीतून पुढे वाकला. "मिसेस मॉफेट, नवं कौन्सिल ऑक्टोबरशिवाय सुरू होत नाही. तोवर मला काहीच करता येणार नाही."

"ऑक्टोबरपर्यंत मी थांबेन. इतकी वर्षं थांबलोच आहोत. तुम्ही असाल ना इथे ऑक्टोबरमध्ये? गावात मी भलतंच ऐकते आहे."

"आणि नसलो तर?"

"तर मला सातव्याकडे जावं लागेल," मॉफेटबाई म्हणाल्या. "ती वेळ माझ्यावर आणू नका, मिस्टर लॅव्हरी."

डर्मटने पेन्सिल घेतली, औषधाच्या कोऱ्या चिठ्ठीवर चर्च रोड असं लिहिलं, आणि म्हणाला, "असेन मी इथे."